हिरवा हत्ती

वैजनाथ मिस्त्रीनं आपलं विणलेलं उजेडाकडं धरलं, तर त्यातून समोर बसलेल्या रूपाबाईचं अख्खं नाक दिसलं.

"मिस्त्रीमामा," रूपाबाई त्या भोकातूनच बोलली, "हे स्वेटर हाय का खिडकी? लेकराची थंडी घालवायची का लेकराला वाऱ्याला बसवायचं?"

गोरेगावच्या ग्रामपंचायतीच्या सभागृहात दुपारी दोन ते चार विणकामाचा वर्ग भरायचा. चौदा बाया आणि एकसष्ट वर्षांचा एक पुरुष. चौदाही जणी हसल्या. शिकवणारी प्रतिक्षा तेवढी हसली नाही. ती तेवीस वर्षांची होती, हिंगोलीला राहून रंगीत विणकाम शिकून आलेली, आणि बापाच्या वयाच्या माणसाला शिकवताना आधीच तिची तारांबळ व्हायची. तिनं वैजनाथच्या हातातून ते कापड घेतलं. पिवळ्याला हिरवं लागत होतं तिथं, उभ्या रेषेवर, आठ ओळींची फट पडली होती. फाटलं नव्हतं. जुळलंच नव्हतं.

"मामा, रंग बदलताना दोन धागे एकमेकांत अडकवले का तुमी?"

"न्हाई."

"काहून?"

"काहून म्हंजी? दोन तारा एकमेकीला लागल्यावर शॉर्ट व्हतंय की!"

या वेळी हसण्याचा असा भडका उडाला, की छपराच्या पत्र्याखाली बसलेले पारवे उडाले आणि त्यातले दोन दुसऱ्या दिवशी सेनगावात सापडले म्हणतात. वैजनाथनं मात्र विनोद केला नव्हता. जळालेल्या मोटरी नव्यानं भरण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. तार तारेला लागू द्यायची नाही, मध्ये पिवळा कागद सारायचा, हे त्याच्या डोक्यात नव्हतंच आता, बोटांतच उतरलं होतं. बोटांनी इमानानं हिरव्याला पिवळ्यापासून लांब ठेवलं होतं.

"इथं उलटं असतंय," प्रतिक्षा म्हणाली. "हिरवा सोडला की पिवळा त्याच्या खालून उचलायचा. गळ्यात हात टाकल्यावानी. तसं न्हाई केलं तर दोन कापडं शेजारी शेजारी ऱ्हात्यात, एक व्हत न्हाईत."

"गळ्यात हात म्हणल्यावर मामा लाजले बघा," रूपाबाई म्हणाली.

"हे बघा, काकूंनी कसं केलंय." प्रतिक्षानं कापड उलटं केलं आणि वरचा, वैजनाथचा भाग दुमडून खालचा दाखवला.

खालचा अर्धा भाग त्याच्या बायकोचा, कमलबाईचा होता. वैजनाथनं तो पुढून शंभरदा पाहिला होता. मागून कधीच नाही. चष्मा कपाळावरून खाली घेऊन तो वाकला. जिथं जिथं रंग बदलला होता तिथं धाग्याला धाग्याचा एकेक वेढा होता. एकसारखा, ना सैल ना आवळ. अशी उभी रांग वर चढत गेली होती आणि एकही वेढा आपली जागा सोडून बसला नव्हता. वैजनाथनं आयुष्यात कॉइलच्या कितीतरी गुंडाळ्या पाहिल्या होत्या, कंपनीच्या पाहिल्या होत्या, हैदराबादहून आलेल्या पाहिल्या होत्या. असं काम पाहिलं नव्हतं. आणि तेही मागच्या बाजूला, लेकराच्या पोटाकडं, जिथं कोणी बघणार नाही.

"हे... तिनं केलं?"

"मग काय म्या केलं?" प्रतिक्षा म्हणाली. "इथं वर्गात बसायच्या तवा कागदबी न्हवता त्यांच्याकडं. चित्र डोक्यातच. काय काढून राहिल्या विचारलं तर म्हणायच्या, 'झाल्यावर बघ माय.'"

झाल्यावर बघायची वेळ मात्र आली नव्हती.

कमलबाईचा आवाज ही गोरेगावात एक वेगळीच चीज होती. ती दारातून ओरडली की बाजारातल्या तराजूची पारडी हलायची आणि दुकानदार उगाच तूर जास्त टाकायचे. लेक वैष्णवी लहान असताना औंढ्याला नागनाथाच्या यात्रेत हरवली, तेव्हा कमलबाईनं देवळामागं उभं राहून एकच हाक मारली. वैष्णवी आली ते ठीक. तिच्यामागं आणखी चार हरवलेली लेकरं आली आणि त्यातल्या एकाचा बाप तर अजून हरवल्याची तक्रार द्यायच्या रांगेतच उभा होता. वैजनाथचा कानही कमी नव्हता. तीन शेतं ओलांडून आलेल्या घुरघुरीवरून तो मोटरची कितवी कॉइल जळाली ते सांगायचा. फक्त बायकोच्या आवाजाला तो कान कधी लागला नाही. एवढ्या मोठ्या आवाजाला कान लावायची गरज काय, असं त्याला वाटत असावं.

गणपती बसले त्या सकाळी तिच्या हातातला तांब्या पडला. उजवं अंग गेलं, जीभ वळेना झाली. डॉक्टरांनी जीव माघारी दिला, पण शब्द एकच माघारी आला. विणताना चुकलं की स्वतःलाच सांगायची तो: उसव. चहा पाहिजे, उसव. कूस बदलायची, उसव. वैजनाथ वर्गाला गेला की जवळ बसायला येणारी शेजारीण नानीबाई फार बोलायला लागली, तरी उसव. मान हलायची, पण व्हय आणि न्हाई दोन्हीला सारखीच हलायची, आणि मग तिला स्वतःचाच राग यायचा.

वैष्णवी तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. पण माहेरची आईच अंथरुणाला खिळलेली, म्हणून नांदेडला सासरीच ठरलं. बाळंतपण गेलं, डिंकाचे लाडू गेले, तेल-मालिश गेली. आजोळाकडून बारशाला द्यायचं अंगडं-टोपडं तेवढं उरलं. टोपडं झालेलं होतं. स्वेटरची पाठ झालेली, बाह्या झालेल्या. पुढचं पान अर्ध्यावर, सुईवर तसंच.

फोनवर वैष्णवी म्हणाली होती, "बाबा, राहू द्या. इथं बाजारात मिळतंय."

"बाजारातलं आजोळचं असतंय का?" असं म्हणून वैजनाथनं ते पान पिशवीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृहाच्या दारात जाऊन उभा राहिला. महिनाभर त्यानं नुसते सुलट आणि उलट टाके घोटले. मग थेट बायकोच्या सुईला हात घातला आणि खिडकी विणली.

ती खिडकी त्यानं उसवली. पुन्हा विणताना धाग्याच्या गळ्यात धागा टाकायला बोटं तयार होईनात. ती आपली बाजूला व्हायची, जुन्या शिस्तीनं. "लाग, लाग की रे," असं तो धाग्याला सांगायचा. चार दिवसांत बोटं वळली. मग मोठा प्रश्न उभा राहिला. विणायचं काय?

साऱ्या वर्गानं कमलबाईचं अर्धं चित्र मध्ये ठेवलं आणि भोवती बसून घेतलं. हळदीच्या रंगाच्या पिवळ्यावर हिरवं चित्र. खाली दोन जाड, बसके पाय. प्रत्येक पायात एकेक पिवळा टाका. वर भलं मोठं पोट. आणि पुढच्या बाजूला पायांच्याही खाली गेलेली एक जाड, सरळ पट्टी.

"हत्ती," रूपाबाई म्हणाली. "ही बघा सोंड. हे पोट. पायातला पिवळा टाका म्हंजी नख."

"हिरवा हत्ती कुठं असतोय?"

"पावसाळ्यातला असंल."

पिशवीत निळ्या लोकरीची एक न सोडलेली गुंडीही होती. "ही झूल," रूपाबाईनं निकाल दिला. झूल म्हटल्यावर कोणाला शंका उरली नाही. प्रतिक्षानं चौकटीच्या वहीत हत्तीचा वरचा भाग काढून दिला: कान, डोळा, मागं शेपूट. वैजनाथनं तार गुंडाळायच्या लाकडी फर्म्यासारख्या चिमुकल्या फिरक्या केल्या, प्रत्येक रंगाला वेगळी. त्या मागच्या बाजूनं लोंबायच्या आणि एकमेकींवर टकटक वाजायच्या. बायांनी ती युक्ती पाहिली आणि आठवड्यात गोरेगावात एकाही सुताराला दुसरं काम उरलं नाही.

हत्ती चांगला झाला. पाठ गोल झाली, कान झाला. वैजनाथनं मोठ्या हौसेनं ते कमलबाईच्या बाजेवर पसरलं.

"बघ, वैष्णवीची माय. जमलं का न्हाई?"

कमलबाईनं डाव्या हातानं कापड उलटं केलं. पहिल्यांदा मागचीच बाजू पाहिली. वेढ्यांवरून बोट फिरवलं, वरपर्यंत, आणि तिचा अर्धा चेहरा उजळला. मग तिनं कापड सुलटं केलं. हत्तीचा कान पाहिला. अर्धा चेहरा विझला.

"उसव."

"चहा पाहिजे का?"

"उसव!" तिनं कानावर बोट आपटलं. मग तोच हात दाराकडं केला, अंगणाकडं. अंगणात वैजनाथची पत्र्याची शेड होती, तिच्यापुढं दोन-चार मोटरी पडलेल्या, कडेला पाण्याचा नळ. वैजनाथ धावत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला. तिनं तांब्या ढकलला. त्यानं बाज दाराकडं ओढली, उन्हात केली. तिनं डोळे मिटून घेतले.

हत्ती उसवला. दुसरा हत्ती विणला, कान लहान केला. उसव. आणि पुन्हा तोच हात दाराकडं. त्यानं पुन्हा तांब्या आणला. या वेळी तिनं तो ढकललासुद्धा नाही. थोडं पाणी पिऊन टाकलं, समोरचा माणूस सुधारायचा नाही असं ठरवल्यासारखं. तो घोट वैजनाथला लागला. अडतीस वर्षांत तिनं असं मुकाट्यानं कधी काही मान्य केलं नव्हतं.

मार्गशीर्षात वैष्णवीला मुलगी झाली. बारसं बाराव्या दिवशी. आठ दिवस गेले, चार उरले आणि पुढचं पान होतं तिथंच, अर्ध्यावर. शिवणीला दोन दिवस लागतील असं प्रतिक्षानं सांगून ठेवलं होतं. म्हणजे हातात दोनच.

त्या सकाळी किशनराव आले. त्यांची मोटर गणपतीआधीच भरून ठेवली होती, ती त्यांनी नेलीही होती, पण बसवून द्यायची राहिली होती.

"मिस्त्री, हरभरा माना टाकून राहिला. तासाभराचं काम हाय. वहिनीपाशी नानीबाई बसंल."

"किशनराव, मला इथं हत्ती उभा करायचाय."

किशनरावांनी त्याच्याकडं पाहिलं, बायकोच्या आजारपणानं माणूस फिरतो हे ऐकून होते, म्हणून जास्त विचारलं नाही. हाताला धरून जीपमध्ये बसवलं.

विहिरीच्या काठावर सिमेंटचा ओटा होता, त्यातून वर आलेले बोल्ट. मोटर दोघांनी उचलून त्यावर टेकवली. बोल्ट भोकात बसेना, म्हणून वैजनाथ मातीत आडवा पडला आणि एक डोळा मिटून मोटरच्या पायाकडं बघू लागला.

हिरवी मोटर. जाड, बसका पाय. पायात एक भोक.

तो तसाच पडून राहिला. मग मान न हलवता त्यानं डोळे पुढं नेले. पंपाच्या तोंडातून एक जाड पाइप सरळ खाली, पायांच्याही खाली, विहिरीत गेला होता.

"काय झालं मिस्त्री? साप दिसला का?"

"हत्ती," वैजनाथ म्हणाला.

मोटर बसली, बटण दाबलं. पाइपाच्या वरच्या बाकातून पाण्याचा लोट सुटला, उन्हात निळा, आणि पाटात पडला. चाळीस वर्षं वैजनाथनं असं पाणी सुटलेलं पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी फक्त आवाज ऐकला होता, मोटर बराबर चालते का म्हणून. आज त्याला आवाज आलाच नाही. तो नुसता पाणी बघत उभा राहिला. झूल कसली, निळी गुंडी ह्या पाण्याची होती. कमलबाईचा हात थांबला होता तो बरोबर त्याच ओळीवर, जिथं पाणी सुरू व्हायचं होतं.

किशनरावांची जीप रस्त्याला लागायच्या आधी वैजनाथ घरी पोचला असं गोरेगावात सांगतात, आणि तो जीपमध्येच बसलेला होता हेही सांगतात. घरी आल्यावर तो आधी शेडमध्ये गेला. तिथं कॉइल गुंडाळायचं यंत्र होतं. दांडा फिरवला की पुढं आकडे आपोआप पडायचे. ते यंत्र अकरा वर्षांपूर्वी आणलं होतं. त्याआधी लाकडी फर्म्यावर तो हातानं तार गुंडाळायचा आणि फेरे कमलबाई मोजायची. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यापासून. वैष्णवीला मांडीवर घेऊन मोजायची, भाजी निवडत मोजायची, मधेच रस्त्यावरच्या कुणाला शिव्या घालून पुढचा आकडा बिनचूक म्हणायची. शेवटचा फेरा झाला की म्हणायची, "बस." एक फेरा कधी कमी नाही, एक जास्त नाही. सेनगावपासून शिरड शहापुरापर्यंत लोक म्हणायचे, वैजनाथ मिस्त्रीच्या हाताला यश आहे. यंत्र आलं त्या दिवशी तो तिला म्हणाला होता, "घे, आता तुला सुट्टी."

ती शेडमधून उठून घरात गेली होती. हसली होती का? त्याला आठवेना. त्यानं तेव्हा पाहिलंच नव्हतं.

तो आत आला. नानीबाई निरोप घेऊन गेली. त्यानं हत्तीचं कापड बाजेवर ठेवलं आणि पायातल्या पिवळ्या टाक्यावर बोट टेकवलं.

"बोल्टचं भोक," तो म्हणाला. "अन् ही सोंड न्हाई. सक्शनचा पाइप हाय. मोटर हाय ना, वैष्णवीची माय? पाच एचपी?"

कमलबाई बघत राहिली. मग तिचं अर्धं तोंड हसलं. अर्ध्या तोंडानं माणूस एवढं हसू शकतो हे वैजनाथनं कधी पाहिलं नव्हतं. खांदा हलला, बाज करकरली, डोळ्यांत पाणी आलं.

"नातीच्या छातीवर मोटर!" वैजनाथ म्हणाला. "दुसरं काही सुचलं न्हाई का तुला? पोपट, मोर, काहीबी..."

"उसव," ती म्हणाली. या वेळी त्याला समजलं.

हत्तीचा कान गेला, शेपूट गेलं, पाठ गेली. कमलबाईची शेवटची ओळ लागली तिथं त्यानं हात थांबवला, टाके सुईवर घेतले. पुढचं चित्र आता कोणी काढून द्यायला नको होतं. मोटरचं वरचं अंग त्याला झोपेतही माहीत होतं. खरी अडचण टाक्यांची. ओळीत साठ टाके. इतके पिवळे, मग पाण्याचे निळे, मग हिरवे, पुन्हा पिवळे, प्रत्येक बदलाला गळ्यात गळा. एक टाका चुकला तर पाइप वाकडा. तो दाराच्या उजेडात खाली बसला, बाजेला पाठ टेकून. फिरक्या मांडीवर टकटकू लागल्या.

"चौदा, पंधरा, सोळा..." तो पुटपुटत होता. सतराव्याला हिरवा घ्यायचा, निळा आणि हिरवा एकमेकांत आला, सोडवता सोडवता आकडा निसटला. त्यानं मागं जाऊन पुन्हा मोजलं. पुन्हा सोळापाशी निसटला.

"आयला, किती झाले..."

"सतरा."

वैजनाथची सुई थांबली.

साडेतीन महिन्यांत त्या घरात एका शब्दाशिवाय दुसरा शब्द त्या बाजेवरून उठला नव्हता. आवाज जाडा होता, एका बाजूनं घसरलेला, पण शब्द स्वच्छ होता. वैजनाथनं मागं वळून पाहिलं नाही. हातावर चिमणी येऊन बसावी आणि माणसानं श्वासही जपून घ्यावा, तसा तो बसून राहिला. मग हळूच सतरावा टाका घेतला, निळ्याच्या खालून हिरवा उचलला आणि अठराव्यात सुई घातली.

"अठरा."

त्यानं टाका ओढून घेतला.

"एकोणीस."

वीस. एकवीस. प्रत्येक टाक्याला एक. ना आधी, ना नंतर. सुई टाक्यातून निघते तेव्हाच. साधा 'चहा' ज्या जिभेला सापडत नव्हता तिला एकोणतीस सापडलं, एकोणचाळीस सापडलं, अट्ठेचाळीस सापडलं. कुठल्या अडगळीत तिनं हे जपून ठेवलं होतं, आणि कुणासाठी? वैजनाथची सुई मंदावली, तेव्हा आकडेही जरा सावकाश झाले, त्याच्यासाठी.

एकावन्नला जमिनीवर ठेवलेला फोन वाजला. वैष्णवीचा. दोन्ही हात अडकलेले, म्हणून त्यानं सुईच्या मोकळ्या टोकानं त्या साध्या फोनचं हिरवं बटण दाबलं आणि पायानं फोन बाजेकडं सरकवला.

"बाबा, आईचं कसं..."

"बावन्न," कमलबाई म्हणाली.

फोनमधून, नांदेडला कुठंतरी, एक तान्हं कुरकुरलं, कोणीतरी त्याला लगेच थोपटून गप्प केलं.

त्रेपन्न. चौपन्न. वैजनाथला दिसत होतं, टाके संपत आले होते. सुईवर सहा उरले, पाच उरले. ओळ संपली की काय होईल, हे त्याला माहीत नव्हतं. कापड उलटं करावं लागेल, सुई या हातातून त्या हातात घ्यावी लागेल, तेवढ्या वेळात हे तुटलं तर? मोटर भरताना त्यानं कधी शेवटचा फेरा लांबावा म्हणून देव आठवला नव्हता. आता आठवला. पण टाके साठच होते.

"साठ," कमलबाई म्हणाली. आणि मग, अकरा वर्षांपूर्वीसारखंच, "बस."

वैजनाथनं कापड उलटं केलं. मागची बाजू वर आली, वेढ्यांची रांग, खालची तिची आणि वरची त्याची. सुई उजव्या हातात घेतली, पिवळा धागा बोटावर घेतला आणि वाट बघत बसला. अंगणात उन्हात पडलेल्या मोटरीवर एक कावळा बसला आणि उडाला.

"एक," कमलबाई म्हणाली.